वायरिंगचा नकाशा छापा : दुचाकी कंपन्यांच्या अभियंत्यांना खुलं पत्र

अभियंते मित्रहो,

हे पत्र कंपन्यांच्या मालकांना लिहावं की परिवहन मंत्र्यांना, असा आधी विचार होता. मग वाटलं, कोणती वायर कुठून कुठे न्यायची, कपलर कोणत्या प्लास्टिकचा घ्यायचा, बॅटरी सीटखाली ठेवायची की टाकीखाली, हे ठरवणारे तुम्ही. तेव्हा तुमच्याशीच बोलावं. शिवाय तुमच्यातले पुष्कळ जण आकुर्डी-चाकणला नोकरीला आहेत आणि पाऊस पडला की ताम्हिणीच्या वाटेला लागतात. होसूर आणि गुरुग्रामच्या मंडळींना हे कुणीतरी वाचून दाखवील अशी आशा आहे.

मागणं एवढंच आहे : तुमची गाडी रस्त्यात विजेच्या दोषामुळे बंद पडली, तर जवळच्या गावातल्या जाणत्या माणसाला तिच्या जोडण्या उघडता, वाचता आणि तपासता आल्या पाहिजेत. आज येत नाहीत.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. मला कार्ब्युरेटर परत नको आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, इंजेक्शनच्या गाड्या सर्रास झाल्या, धूर कमी झाला, हिवाळ्यात सकाळी चोक ओढत बसणं संपलं. जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांनी सहा व्होल्टच्या मिणमिणत्या दिव्यावर एखादा घाट रात्री पावसात उतरून दाखवावा, मग बोलावं. तुमचं काम चांगलं आहे. ते चांगलं आहे म्हणूनच त्यातला हा एक दुर्लक्षित कोपरा फार खुपतो.

जुन्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी पार मेली तरी किक मारल्यावर मॅग्नेटच्या कॉइलमधूनच स्पार्कपुरती वीज मिळायची. इंजेक्शनच्या गाडीत आधी ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, चालू व्हावा लागतो, मग टाकीतल्या पंपानं दाब तयार करावा लागतो, मग इंजेक्टर, मग स्पार्क. या प्रत्येकाला वीज हवी, आणि सुरुवातीला ती बहुतेक गाड्यांत बॅटरीकडूनच येते. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून कितीही ढकला, घाम फुटतो, गाडी फुटफुटत नाही. किक तर पुष्कळ गाड्यांवरून गेलीच. त्यातच १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट सदैव चालू ठेवायचा नियम आला आणि दिव्याचा स्विच नाहीसा झाला. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस बसलं. या प्रत्येक बदलाला कारण आहे आणि ते मला मान्य आहे. मात्र विजेवरची भिस्त वाढत गेली आणि वीज गेल्यावर कसंबसं पुढे सरकण्याच्या वाटा एकेक करून बुजत गेल्या, हे तुमच्या आकृत्यांत कुठे लिहिलेलं असेल असं वाटत नाही.

आता माझी गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही कंपनीच्या गाडीत घडू शकलं असतं.

जुलै महिना. मी आणि माझा मित्र, दोघांच्या दोन गाड्या, पुण्याहून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला निघालो होतो. पुढे सावंतवाडी आणि वेंगुर्ला. आजऱ्याच्या अलीकडे माझ्या हॉर्नचा आवाज बसल्यासारखा वाटला. पावसाचं पाणी शिरलं असेल म्हणून सोडून दिलं. आंबोलीत चहाला थांबलो, भजी झाली, आणि परत निघताना सेल्फचं बटण दाबलं तर आतून नुसतं टक् टक् टक्. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि काळी झाली.

किल स्विच पाहिला. साइड स्टँडच्या स्विचवरचा चिखल धुतला. क्लच पूर्ण दाबून पाहिला. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी फार सौजन्यानं बोलली, पण तिच्या हातात होतं ते एवढंच : गाडी जिथे आहे तिथेच ठेवा, उचलून न्यायला वाहन पाठवतो, अधिकृत सेवाकेंद्र उद्या बंद आहे, परवा उघडेल. फ्यूजची पेटी कुठे आहे एवढं तरी सांगा म्हटल्यावर ती म्हणाली, “सर, ती माहिती आमच्याकडे नसते.” तिचा काय दोष? तुम्ही ती तिला दिलेली नाही.

मित्राकडे जंपर केबल होत्या. त्याच्या बॅटरीवरून माझी गाडी चालू झाली. पण चार्जिंग होत नसेल तर ही कर्जाऊ वीज किती पुरणार? माझ्या गाडीचा पंप, ईसीयू आणि स्पार्क मिळून पाच-सहा अँपिअर खातात आणि बॅटरी नऊ अँपिअर-तासांची. भरलेली असती तरी तास-दीड तासाची बेगमी, आणि इथे तर ती रिकामीच होती. त्यात साठ वॉटचा हेडलाइट म्हणजे आणखी पाच अँपिअर. तो बंद करावा तर स्विच नाही. शेवटी धुकं जरा विरेपर्यंत गाडी मित्राच्या केबलला जोडून तशीच चालू ठेवली, तोवर हेडलाइटचा कपलर काढला. तो काढायला पुढचं कव्हर सोडवावं लागलं आणि कव्हरच्या स्क्रूंना लागणारी ॲलन की गाडीसोबतच्या हत्यारांत नव्हती. चहावाल्याच्या पोरानं सायकलच्या पेटीतून आणून दिली. मग मित्र मागे दिवे लावून, मी पुढे दिव्याविना, असा घाट उतरून दाणोलीवरून सावंतवाडीत आलो. हे कायद्यात बसत नाही, मला ठाऊक आहे.

सावंतवाडीत दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकांचे डायनॅमो आणि सेल्फ दुरुस्त करणारे एक मेस्त्री भेटले. टपरीत एक बेंच, सोल्डरिंगचा खड्या, भिंतीवर जुन्या कॉइल टांगलेल्या, दोन वायरींना जोडलेला एक बल्ब. त्या बल्बवर त्यांचं निम्मं निदान होतं, उरलेल्यासाठी मल्टिमीटर. त्यांनी बॅटरीवर मीटर लावला, गाडी रेस करायला सांगितली. आकडा बाराच्या आसपासच रेंगाळला. “चार्जिंग करीत नाय,” ते म्हणाले आणि लगेच विचारलं, “पिवळ्या तीन वायरी खंय आसत?”

पत्र खुलं आहे, तुमच्याखेरीज इतरही वाचतील, म्हणून त्या तीन वायरींबद्दल सांगतो. तुम्ही हा परिच्छेद वगळलात तरी चालेल. इंजिनच्या कुशीत मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आतल्या स्थिर कॉइलमध्ये वीज तयार होते. ती तीन फेजची एसी असते आणि पुष्कळ गाड्यांत तिच्या तीनही वायरी पिवळ्या असतात. या वायरी रेक्टिफायरकडे जातात. तिथे एसीची डीसी होते आणि व्होल्टेज साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान बांधून ठेवलं जातं. बहुतेक गाड्यांतला रेक्टिफायर शंट जातीचा. टाकी भरली तरी वरचा नळ बंद करायचा नाही, जादा पाणी मोरीत सोडून द्यायचं, अशी त्याची रीत. कॉइल पूर्ण ताकदीनं वीज काढतच राहते आणि न लागणारी वीज रेक्टिफायर परत कॉइलमध्ये शॉर्ट करून जिरवतो. म्हणून तो तापतो, कॉइल तापते, आणि दोघांच्या मधला कपलरही तापतो. कपलरची एखादी पिन जरा सैल असली, तिच्यावर पावसाचा हिरवा गंज चढला, की तिथे रोध वाढतो, उष्णता वाढते, प्लास्टिक वितळतं, पिन आणखी सैल होते. तीनपैकी एक वाट अशी हळूहळू बंद होते. गाडी त्या दिवशी थांबत नाही. चार्जिंग अर्धवट होत राहतं, हेडलाइट रोज थोडं जास्त खातो, आणि बॅटरी आंबोलीला पोचल्यावर मान टाकते.

तपासणीची रीतही अवघड नाही. तासभर स्वस्थ उभ्या असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर नेलं की साडेतेराच्या वर. तसं नसेल तर पिवळ्या वायरींचा कपलर सोडवायचा आणि दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज मोजायचं. तिन्ही जोड्यांत सारखं यायला हवं आणि रेसबरोबर वाढायला हवं. तीनपैकी एकही वायर इंजिनच्या बॉडीला लागलेली नसावी. एवढं बरोबर असेल तर कॉइल शाबूत. दोष रेक्टिफायरचा नाहीतर मधल्या जोडाचा. मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो आणि सीटखाली मावतो.

मेस्त्रींना हे सगळं पाठ होतं. ट्रकवर त्यांची हयात गेलेली. त्यांना माहीत नव्हतं ते एकच, की माझ्या गाडीत हा कपलर ठेवलाय कुठे. सीट काढली, तिथे नाही. बाजूची कव्हरं काढली, तिथे रिले सापडले, पण कुठला कशाचा यावर काही लिहिलेलं नाही. रेक्टिफायर पुढे, रेडिएटरच्या आडोशाला दिसत होता. त्यातून निघालेल्या वायरी एका काळ्या नळीत शिरून टाकीखाली गडप झाल्या होत्या. टाकी काढायची म्हणजे पेट्रोलची नळी आणि पंपाचा कपलर सोडवायचा; तो कसा सुटतो हे कळायला आणखी वेळ, कारण जोर लावला आणि क्लिप मोडली तर ती क्लिप सुटी मिळत नाही. दुपार टळून गेली. टाकी निघाली, नळी चिरली, आणि कपलर सापडला : एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळलेला.

पुढचं काम पाहायला मजा आली. मेस्त्रींनी जळका भाग कापून टाकला, वायरी सोलल्या, काळवंडलेलं तांबं निघून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे गेले, तीनही जोड सोल्डर केले, वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली आणि जोड एकमेकांसमोर न येता मागेपुढे राहतील असे बसवले. बॅटरी चार्जरला लावून आम्हाला जेवायला पिटाळलं. परत आलो तर रेसवर १४.१ व्होल्ट. पैसे सांगितले ते ऐकून मित्र ओशाळला. मी म्हटलं, मेस्त्री, दिवसभर खपलात. ते म्हणाले, “करूक धा मिनटां लागली ओ. शोधूक दीस गेलो. ह्या गाडयेचो नकाशो असतो तर तुमी दुपारीच वेंगुर्ल्याक जेवक पावले असतात.”

या पत्रात मला जे म्हणायचं आहे ते त्यांनी आधीच म्हणून टाकलं. हुन्नर गावोगाव आहे. तुमच्या गाडीची माहिती गावोगाव नाही.

पुण्यात परतल्यावर गाडी अधिकृत सेवाकेंद्रात दाखवली. तिथल्या मुलानं जोड पाहिले आणि पहिला शेरा मारला : बाहेर काम झालंय, वॉरंटी गेली. उपाय विचारला तर म्हणाला, अख्खा हार्नेस बदलावा लागेल, कपलर वेगळा येत नाही. काही रुपयांच्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी गाडीभरची वायरिंग! हा नियम तुमच्यापैकीच कुणीतरी सुट्या भागांची यादी करताना केला असणार. त्या माणसाला मला एकदा चहाला बोलवायचं आहे.

पूर्वी अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांवर वायरिंगची आकृती असायची. रंगांची अक्षरं, फ्यूज, स्विच, दिवे, सगळं एका दुमडपानावर. आता माझ्या गाडीच्या पुस्तकात हेल्मेट कसं घालावं याची चित्रं आहेत, फोन स्क्रीनला कसा जोडावा याची बरीच पानं आहेत, आणि फ्यूज उडाला तर काय करावं या शीर्षकाखाली एक वाक्य आहे : अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा. आंबोलीच्या पठारावरून, पावसात, रविवारच्या आदल्या संध्याकाळी.

स्क्रीनचा विषय निघालाच आहे तर तेही बोलतो. बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर पूर्वी एक छोटा अँमीटर असायचा. काटा उजवीकडे कलला तर बॅटरीत वीज जातेय, डावीकडे पडून राहिला तर बॅटरीतून वीज खर्च होतेय. तो फार अचूक होता अशातला भाग नाही, थरथरायचाही फार. पण मैलोन् मैल आधी सांगायचा. आजच्या रंगीत पडद्यावर मला कुणाचा फोन येतोय ते दिसतं, पुढचं वळण दिसतं, काहींवर हवामानही दिसतं. बॅटरीचं व्होल्टेज बहुतेकांवर दिसत नाही. आणि ते ठेवायला खर्च येतो असंही नाही. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ व्होल्टेजप्रमाणे बदलतो, त्याची भरपाई करायची म्हणून ईसीयू बॅटरीचं व्होल्टेज सतत मोजतच असतो. आकडा गाडीत आहे. तो चालवणाऱ्याला दाखवायचा की नाही एवढाच प्रश्न. आजऱ्याच्या अलीकडे मला पडद्यावर ११.९ दिसलं असतं तर मी आजऱ्यातच थांबलो असतो. बाजारपेठ आहे, गॅरेजं आहेत, आणि घाट पुढे होता.

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत. काही खरेही आहेत. रस्त्यावरच्या गॅरेजात फॉग लाइट बसवताना हॉर्नची वायर सोलून तिथून वीज उचलतात, रिले लावत नाहीत, फ्यूजच्या जागी तार गुंडाळतात, आणि वायरिंग जळालं की गिऱ्हाईक तुमच्या नावानं बोटं मोडतं. अशा गाड्या तुमच्याकडे रोज येत असतील. “डायरेक्ट करून टाकू” हे आपल्याकडच्या गॅरेजांचं आवडतं वाक्य आहे आणि त्या वाक्यानं पेटलेल्या गाड्या मीही पाहिल्यात. पण विचार करा, माणूस वायर कुठूनही का सोलतो? कारण कुठून घ्यावी हे कुठे छापलेलंच नाही. जादा दिव्यांसाठी वेगळ्या फ्यूजची एक जोडणी सीटखाली ठेवा, तिच्यावर किती अँपिअरपर्यंत चालेल ते लिहा, आणि तसं पुस्तकात सांगा. निम्मे उद्योग तिथेच थांबतील. नकाशा लपवून आडाखे थांबत नाहीत, फक्त चुकतात.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. ईसीयूमधलं सॉफ्टवेअर, इंधनाचे तक्ते, चोरीविरोधी चावीचे कोड, यातलं काहीच मी मागत नाही. एबीएसच्या आत कुणी हात घालावा असंही माझं म्हणणं नाही. कुठली वायर कुठे जाते यात कसलं गुपित? प्रतिस्पर्धी कंपनी तुमची गाडी विकत घेऊन पहिल्या आठवड्यात ती सुटी करते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गुपित राहतं ते फक्त सावंतवाडीच्या मेस्त्रीपासून.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त बोचते. युरोपीय संघाचा दुचाकींसाठीचा २०१३ चा १६८ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही, अधिकृत विक्रेत्यांच्या बरोबरीनं, वेबसाइटवरून आणि वाजवी शुल्कात देणं कंपनीवर बंधनकारक आहे. चाकणला बनलेल्या मोटरसायकली युरोपात विकल्या जातात. म्हणजे तिकडच्या एखाद्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला, चार पैसे भरून, चाकणच्या गाडीचा नकाशा मिळायला हवा आणि त्यासाठी तिथला कायदा त्याच्या बाजूला उभा आहे. नकाशा तयार आहे, छापण्याजोगा आहे, बहुधा पाच-सहा भाषांत आहे. चाकणपासून एका दिवसाच्या रस्त्यावर असलेल्या मेस्त्रीला मात्र टाकी काढून शोधावं लागतं.

आपल्याकडे या दिशेनं काही झालेलं नाही असं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू न देणं हा त्यातला मुख्य ठपका. पुढे अपिलं झाली. ते प्रकरण चारचाकींचं होतं, दुचाकींवर त्याचा शिडकावाही झाला नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं संकेतस्थळ सुरू झालं आणि त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही धरली. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. म्हणून मी दिल्लीऐवजी तुम्हाला लिहितो आहे. कायद्याची वाट न पाहता दोन पानं छापणं तुमच्या हातात आहे.

हे सगळं फिरायला जाणाऱ्या हौशी माणसाचं गाऱ्हाणं आहे असं कुणी म्हणेल. माझं काय, एक मुक्काम बुडाला. मित्र बरोबर होता, खिशात पैसे होते, परत येऊन पत्र लिहायला वेळही मिळाला. पण देशात वर्षाला पावणेदोन-दोन कोटी दुचाकी विकल्या जातात, आणि त्यातल्या बहुतेक हौसेसाठी घेतलेल्या नसतात. आजऱ्याच्या बाजूला पहाटे दुधाच्या किटल्या लावून निघालेल्या माणसाची गाडी टक् टक् करून थांबली तर डेअरीचा काटा त्याच्यासाठी थांबत नाही. त्याला उचलून नेणारं वाहन नको असतं. त्याला गावातला वायरिंगवाला हवा असतो, आणि त्या वायरिंगवाल्याला माहिती.

तर, नेमकं काय करता येईल ते लिहितो. तुम्हाला याहून चांगलं सुचेल. माहितीपुस्तकाला एक दुमडपान जोडा. त्यावर वायरिंगची आकृती, रंगांची नावं मराठी-हिंदीसह स्थानिक भाषांत, आणि गाडीच्या बाजूच्या चित्रावर प्रत्येक कपलर, रिले, फ्यूज आणि अर्थिंगचा बोल्ट कुठे आहे त्याची खूण. तपासणीचे आकडेही द्या : कॉइलच्या दोन वायरींत किती एसी व्होल्टेज यावं, किती रोध यावा. प्रत्येक मॉडेलला ते वेगळे असतात आणि मेस्त्रीला नेमके तेच ठाऊक नसतात. पुस्तक हरवतं, म्हणून सीटच्या आतल्या बाजूला एक क्यूआर कोड चिकटवा. रेक्टिफायरचा कपलर टाकीखाली गाडू नका. बाजूच्या कव्हरमागे, हात पोचेल असा आणा, आणि तो सुटा विका. व्होल्टेज पडद्यावर दाखवा. ते पडायला लागलं तर आधी इशारा द्या आणि मग जे तोडता येईल ते आपणहून तोडा : फोनचा चार्जर, पडद्याचा उजेड, गरज नसलेले दिवे. हेडलाइटबद्दल नियम आडवा येतो, तो बदलायचा तर ज्या समित्यांत नियम ठरतात तिथे तुमचीच माणसं बसतात. ओबीडीचे, म्हणजे गाडीनं स्वतः नोंदवलेल्या बिघाडांचे, कोड तुमच्या महागड्या यंत्राविना वाचता येऊ द्या. दुचाकींच्या निदानाच्या कपलरसाठी आयएसओ १९६८९ हे प्रमाण तयारच आहे, आणि बिघाडाचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवून कोड सांगायची जुनी युक्ती काही गाड्यांत अजून आहे. ती काढू नका. सीटखाली जादा फ्यूज देताच, तर ती सीट ज्या चावीनं निघते ती ॲलन कीही द्या.

यातलं दुमडपान सगळ्यात स्वस्त आहे. आकृती तुमच्या संगणकात आहे, छपाईचा खर्च गाडीमागे किती पडेल ते खरेदी विभागाला विचारा. पुढच्या मॉडेलचं माहितीपुस्तक अजून छपाईला गेलं नसेल तर एवढं एक त्यात बसवा, आणि पहिली प्रत सावंतवाडीला पाठवा. मेस्त्रींची टपरी कुठे आहे ते मी कळवीन.

आपला,
एक गिऱ्हाईक